काळातून जाणाऱ्या होडीच्या नावाबाबत

अर्जदार : शेवंताबाई, बालवाडी शिक्षिका, राहणार नवे देवकोंड, जिल्हा सांगली. मूळ गाव जुने देवकोंड, जिल्हा सातारा, हल्ली धरणाच्या पाण्याखाली.
जाबदेणार : मी, खाली सही करणार, अर्जलेखक, कराड.
साक्षीदार : एक, ज्ञानू नाना, जुन्या देवकोंडचे होडीवाले. दोन, भीमराव, लष्करातून निवृत्त हवालदार. तीन, यात्रेच्या बंदोबस्तावरील जमादार. ते आजही नोकरीत असल्याने त्यांचे नाव देत नाही.
साल : नव्वदनंतरचे. दिनांकाची जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे.
वादाचा विषय : एका जहाजाचे नाव. सदर जहाज अस्तित्वात नव्हते.

हकीकत अर्जाच्या पद्धतीने मांडली, कारण मला दुसरी पद्धत येत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. तरीही वीस वर्षांहून अधिक काळ मी कचेरीबाहेर चिंचेखाली टेबल मांडून लोकांचे म्हणणे कागदावर आणत आलो आहे. एका मामलेदारसाहेबांनी माझा मसुदा वाचून, "हा कुठल्या वकिलाने केला?" असे विचारले होते. हे अभिमानाने सांगत नाही. नोंद असावी म्हणून सांगतो.

सोमवार होता. सकाळी अकराच्या सुमारास वर नमूद केलेली तीन माणसे, म्हणजे शेवंताबाई, नाना आणि भीमराव, माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. नवे देवकोंड सांगली जिल्ह्यात येते. त्यांनी खरे तर सांगलीचा अर्जलेखक गाठायचा. पण धरण झाले तेव्हा गावाच्या पुनर्वसनाचे सगळे अर्ज माझ्या गुरूंनी याच चिंचेखाली लिहिले. तेव्हापासून विहिरीचा वाद असो वा वारसाची नोंद, ती माणसे एस.टी.त दीड तास बसून कराडलाच येतात.

"रायटर, नाटकाची परवानगी काढायची हाय," भीमराव म्हणाले. "यात्रेत करायचंय. अर्ज ह्या आठवड्यात गेला न्हाई तर यात्रेपतोर कागद यायचा न्हाई."

"नाटक कोणाचे?"

"ह्या बाईंचं."

शेवंताबाईंनी पिशवीतून दोन वह्या काढून टेबलावर ठेवल्या. मुलांच्या शाळेच्या वह्या. मुखपृष्ठावर नाव लिहिण्याची रेघ रिकामी होती.

माहितीसाठी सांगतो. नाटक लोकांपुढे करायचे तर त्याची संहिता, म्हणजे लिहिलेला सर्व मजकूर, मुंबईच्या मंडळाकडे पाठवावी लागते. मंडळ ती वाचते, पानापानावर शिक्का मारते आणि परवानगीचे पत्र देते. ते पत्र बंदोबस्ताच्या पोलिसाला दाखवायचे. जे नाव पत्रात, तेच फलकावर. जे पानात, तेच रंगमंचावर.

"नाटकाचे नाव काय?" मी विचारले.

"त्यातच घोडं आडलंय," भीमराव म्हणाले. "नाटकात एक जहाज हाय. जहाजाचं जे नाव, तेच नाटकाचं. पर जहाजाचं नाव ठरंना."

मी शेवंताबाईंना वही वाचायला सांगितली. मजकूर ऐकल्याशिवाय मी कोणत्याही कागदाला हात लावत नाही. त्या स्टुलावर बसल्या आणि बालवाडीत गोष्ट सांगावी तशा आवाजात वाचू लागल्या.

नव्या देवकोंडच्या माळावर एक होडी पडलेली आहे. आसपास पाण्याचा थेंब नाही. एक म्हातारा होडीवाला रोज तिच्यात बसून बांबूने जमीन ढकलतो आणि लोक त्याला हसतात. एके दिवशी होडी हलते. ती पाण्यावरून जात नाही, वर्षांवरून जाते. जसजशी मागे जाते तसतशी मोठी होत जाते, कारण प्रत्येक वर्षाच्या काठावर कोणी ना कोणी तिची वाट बघत उभे असते. वाटेत पहिल्या पेरणीचे वर्ष लागते. पत्र्याच्या शेडचे वर्ष लागते. गाव हलवणाऱ्या ट्रकांचे वर्ष धुळीतून सरकते. मग धूळ निवळते, झाडे जवळ येतात आणि जहाज जुन्या देवकोंडच्या घाटाला लागते. सकाळ आहे. चुलींचा धूर वर चढतो आहे आणि अजून कोणीही मोजणीचा दगड रोवलेला नाही. प्रत्येकाने आपल्या घरी जायचे आणि राहून गेलेले एक काम करायचे. एक बाई फक्त दार लोटून घेते. एक माणूस गोठ्यातल्या बैलाचे दावे सैल करतो. पलीकडच्या काठावरून एक मुलगी हाळी देते, म्हणजे लांबून हाक मारते, आणि होडीवाला तिला आणायला जातो. मग सगळे परत जहाजात बसतात. मागे कोणी राहायचे नाही, असा होडीवाल्याचा नियम आहे.

बाई वाचत होत्या आणि कचेरीचा आवाज कुठे गेला ते मला समजले नाही. समोर एक पक्षकार जमिनीच्या फेरफारासाठी ताटकळत उभा होता. तोही उकिडवा बसून ऐकू लागला. वाचन संपले तेव्हा चिंचेची बारीक पाने टाइपरायटरवर पडलेली होती. ती मी फुंकली नाहीत.

त्यानंतर नावाची चर्चा सुरू झाली.

"देवीचं नाव द्यावं. गावाची देवी हाय," नाना म्हणाले.

"द्या की," भीमराव म्हणाले. "पर नाना, तुमच्या त्या होडीत आमच्या आळीला मागच्या टोकाला बसवायचे. माझी आई आजून सांगती. देवीचं नाव दिलं, तर ती इचारंल, ह्या जहाजात तरी कुठं बसायचं?"

"मी बसवत नव्हतो रं. लोक बसवायचे."

"बांबू कुनाच्या हातात हुता?"

नाना खाली बघू लागले. भीमरावांनीच मग विषय सोडला. "जाऊ द्या. जुनं झालं. पर देवीचं नको. आपलं मिलिटरीवानी काहीतरी ठेवू. एखादा नंबर."

"जहाज हाय का ट्रक?" शेवंताबाई म्हणाल्या. सगळे हसले.

गावाचे नाव द्यावे म्हटले, तर वरचे देवकोंड आणि खालचे देवकोंड असा जुना तंटा निघाला. तेव्हा मी सूचना केली की तिघांनी काही खाऊन यावे, तीन वाजेपर्यंत मी स्वतः विचार करतो. शब्द शोधणे हा माझा व्यवसाय आहे, असेही मी म्हणालो.

दुपारी कचेरी जेवायला उठली तेव्हा मी डबा घेऊन संगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन भेटतात. ऊन मऊ होते. पाणी इतके संथ होते की ते कोणत्या दिशेला जाते आहे हे सांगता आले नसते. डबा उघडलाच नाही. मला पेंग आली असावी. कोयनेकडून एक फार मोठे जहाज येताना दिसले. त्याला आवाज नव्हता. त्याच्या कठड्याला धरून माणसे उभी होती आणि ती सगळी मी ज्यांचे अर्ज लिहिले ती होती. काही वारलेली होती. माझे गुरुजी शिडाखाली टेबल मांडून बसले होते आणि त्यांच्या यंत्रातला कागद कोरा होता. जहाज जवळून गेले. त्याच्या अंगावर अक्षरे होती आणि ती मी स्पष्ट वाचली. कालगामिनी.

मी उठून बसलो. आयुष्यात हजारो शब्द टाइप केले, पण ते सगळे दुसऱ्यांचे होते. हा एक शब्द माझ्याकडे आला होता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे जे घडले त्याचे हे समर्थन नाही, पण कारण आहे.

तीन वाजता तिघे परत आले. मी उभा राहून नाव जाहीर केले.

"का-ल-गा-मि-नी," भीमराव सावकाश म्हणाले. "लय भारी हाय. परेडला हाक मारल्यासारखं."

नानांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. "आवं रायटर, मला तोंडात बसंल का ते? होडीवाला मी हाय. माझ्या होडीला कवा नावच नव्हतं. लोक पलीकडच्या काठावरनं हाळी द्यायचे. होडीला कोन हाक मारतंय?"

"आन् तुमी काय म्हनायचा?" शेवंताबाईंनी विचारले.

त्यांचा आवाज बदलला होता. नाना टोपी सारखी करू लागले.

"सांगा की नाना. हाळी आली की तुमी काय म्हनायचा?"

"आलोच," नाना पुटपुटले. "आलोच म्हनायचो."

"मला बी म्हनाला हुता."

यानंतरचे संभाषण माझ्या टेबलापुढे, माझ्या समक्ष झाले. ते आठवते तसे देतो.

"ट्रक आले त्या दिवशी मावशीची कळशी द्यायला मला आईनं पलीकडं धाडलं हुतं," शेवंताबाई म्हणाल्या. "नऊ वर्सांची हुते. परत येऊन हाळी दिली. तुमी अलीकडनं वरडला, आलोच. मी बसले. ऊन डोक्यावर आलं. म्हटलं, नाना आलोच म्हनालाय म्हंजी येनार. समोर ट्रक भरत हुते, सगळं दिसत हुतं. आमच्या घराची कौलं उतरत हुती, ती बी दिसली. मग माझा बाप पुलावरनं लांबनं फिरून मला घ्यायला आला, आन् तसाच मला घेऊन रस्त्याला लागला. घरात माझं पाऊल परत पडलं न्हाई."

नाना कितीतरी वेळ टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होते.

"होडीच नव्हती, पोरी," ते म्हणाले. "सकाळीच फळ्या सुट्या करून ट्रकात चढवल्या हुत्या. तुझी हाळी आली, आन् तोंडातनं सवयीनं गेलं. मग बघतो तर काय, हात मोकळा. लाज वाटली. ट्रकात तोंड फिरवून बसलो. तुझ्या दारावरनं रोज जातो, पर कवा बोलायला झालं न्हाई."

"मी तरी कुठं इचारलं?" शेवंताबाई म्हणाल्या. "म्हनून तर हे लिव्हलं. तुमीच करायचं होडीवाल्याचं काम. यात्रेत, सगळ्यांच्या म्होरं. मी काठावरनं हाळी देनार, आन् तुमी यायचं. मला दुसरं काय नको."

भीमरावांनी टेबलावर हलकेच थाप मारली. "ठरलं. जहाजाचं नाव आलोच. माझी आई बी हाळी द्यायची, तिला बी तेच उत्तर यायचं. रायटर, लिवा."

सर्वांनी एकमताने नाव मान्य केले. तरी मी यंत्रात कागद चढवला आणि माझी बोटे थांबली. नाटकाचे नाव, या रकान्यापुढे आलोच? असा शब्द चहाच्या गाड्यावर शोभतो. मुंबईचे साहेब काय म्हणतील? माझ्या हातून गेलेल्या कागदाची एक प्रतिष्ठा आहे. आणि संगमावर दिसलेली अक्षरे अजून डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी स्वतःची समजूत घातली की कागदावरचे नाव वेगळे आणि होडीवरचे वेगळे असू शकते, घरच्या आणि शाळेच्या नावासारखे.

मी टाइप केले : कालगामिनी.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. अर्ज पूर्ण झाला की तो अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायचा, मग सही घ्यायची. मी वाचून दाखवला. त्या रकान्यापाशी आलो आणि मोठ्याने म्हणालो, "नाटकाचे नाव, आलोच."

शेवंताबाईंना वाचता येत होते. माझ्यापेक्षा जास्त शिकलेल्या होत्या. पण मी वाचून दाखविल्यावर पुन्हा स्वतः वाचणे म्हणजे माझ्यावर अविश्वास दाखवणे, असे त्यांना वाटले असावे. आमच्या भागात शहाणी माणसे या कारणाने फसतात. त्यांनी तिन्ही प्रतींवर सही केली. पत्रव्यवहारासाठी पत्ता माझा दिला. त्या एस.टी.कडे गेल्या. पुढील दोन दिवसांत मी दोन्ही वह्या टाइप केल्या, त्यात एक अक्षर बदलले नाही, आणि सर्व कागद रवाना केले.

परवानगी वेळेत आली. पानापानावर शिक्का. मंडळाने त्यांचे काम चोख केले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. मी शेवंताबाईंना कार्ड टाकले की कागद आले आहेत, यात्रेच्या दिवशी जातीने घेऊन येतो. नावाचे समक्ष सांगू, असे ठरवले होते.

नाटक दुपारी तीनला होते, कारण मुंबईला नोकरीला असलेली माणसे संध्याकाळच्या गाड्यांनी परत जाणार होती. कुस्तीच्या मैदानाच्या कडेला मांडव होता. निळ्या साड्या जोडून जमिनीवर नदी पसरली होती. तिच्या अलीकडे फळ्यांचे जहाज उभे होते आणि त्याच्या अंगावर भीमरावांनी पांढऱ्या रंगात, हातभर अक्षरांत लिहिले होते : आलोच. नदीच्या वळणाशी कापडावर रंगवलेले एक घर होते. कौलांसकट.

मी पत्र आणि शिक्क्याची प्रत जमादारांच्या हातात दिली. त्यांनी पत्र वाचले. मग जहाजाकडे बघितले.

"रायटर, कागदात कालगामिनी हाय. तिकडं दुसरंच लिवलंय. ह्यातलं नाटक कंचं?"

भीमराव धावत आले. "चूक झाली असंल. आवं, मी हुतो की तिथं! ह्यांनी वाचून दाखवलंय."

"वाचले ते वेगळे," मी म्हणालो. "टाइप केले ते वेगळे."

"का?"

तेवढ्यात शेवंताबाई तिथे आल्या. त्यांनी नऊ वर्षांच्या मुलीच्या कामासाठी केसांना रिबिनी बांधल्या होत्या. त्यांनी जमादारांच्या हातून पत्र घेतले आणि उभ्या उभ्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचले.

"चांगलं हाय नाव," त्या म्हणाल्या. "कुनाचं?"

"माझे. मला सुचले."

"मग तुमच्या नाटकाला द्यायचं हुतं."

एवढेच बोलल्या. भीमराव माझ्यावर ओरडले असते तर मला बरे वाटले असते. पण ते जमादारांना विनवत होते. जमादार वाईट माणूस नव्हता. "मला वर उत्तर द्यावं लागतंय," ते म्हणाले. "फळीवरचं झाका, मग करा. पर पान सोडून एक शब्द भायेर जाता कामा नये. रायटर, तुमी माझ्याशेजारी बसा आन् पान बघत राव्हा."

भीमरावांनी जहाजाच्या अंगावर चादर बांधली. ते बघून नाना हातातला बांबू टाकून खाली बसले. "मी न्हाई करत. माझा शब्द तेवढा झाकला. ही माझी होडी न्हवं."

मांडव भरला होता. पहिल्या रांगेत भीमरावांची आई बसली होती. मुंबईचे लोक घड्याळ बघू लागले. शेवंताबाई नानांसमोर उकिडव्या बसल्या.

"नाना, मी परत उनात बसू का?"

नाना उठले.

नाटक सुरू झाले. जहाज वर्षांवरून मागे निघाले. भीमरावांच्या आईला होडीवाल्याने हात धरून पुढच्या टोकाला बसवले. पान चार, लिहिलेले होते. मांडवात कोणी खाकरले नाही. उन्हाचे कवडसे निळ्या साड्यांवर हलत होते आणि खरोखरच काहीतरी वाहत असल्याचा भास होत होता. मी बोटाने ओळी धरत होतो. पान बारा आले. पलीकडच्या काठावर शेवंताबाई उभ्या राहिल्या, तळहात तोंडापाशी नेले आणि हाळी दिली. लांब, चढत जाणारी. मांडवातल्या कितीतरी म्हाताऱ्या बायकांनी एकदम माना वर केल्या.

पानात असे होते : होडीवाला 'आलोच' म्हणतो आणि जहाज पलीकडे वल्हवत नेतो.

नाना उभे होते. तोंड उघडे होते. शब्द येत नव्हता. भीमरावांनी पडद्यामागून एकदा आठवण करून दिली, दोनदा दिली. शेवंताबाईंनी पुन्हा हाळी दिली नाही. नुसत्या बघत राहिल्या. तेव्हा नानांनी बांबू खाली ठेवला. जहाजातून उतरले. निळ्या साड्यांवरून, गुडघाभर पाण्यातून चालावे तसे पाय उचलत पलीकडे गेले. त्यांनी बाईंचा हात धरला, तसेच चालत त्यांना अलीकडे आणले आणि रंगवलेल्या घराच्या दारात नेऊन सोडले. शेवंताबाईंनी कापडी उंबऱ्यावर पाऊल ठेवले. तिथेच बसल्या.

मांडवात कोणीतरी नाक ओढले.

जमादार माझ्या कानाशी वाकले. "रायटर, हे पानात हाय का?"

"आहे," मी म्हणालो. "पान बारा."

"दाखवा."

मी पान उघडून दिले. जमादारांनी पान बघितले. मग समोर बघितले. मग पान मिटून माझ्या मांडीवर ठेवले.

"हाय," ते म्हणाले.

संध्याकाळच्या गाड्या वेळेवर सुटल्या. मी जाताना नमस्कार केला. नानांनी आणि भीमरावांनी तो घेतला. शेवंताबाई साड्यांच्या घड्या घालत होत्या, त्यांचे लक्ष नव्हते, असे मी धरून चालतो. त्यानंतर नव्या देवकोंडचा एकही अर्ज माझ्याकडे आला नाही. असे कळते की आता बाई स्वतःच्या हाताने अर्ज लिहितात आणि सही करण्यापूर्वी प्रत्येकाला तो स्वतः वाचायला लावतात. ही पद्धत योग्य आहे. या धंद्यात येणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की कागदावर अर्जदाराचा शब्द असावा, लेखकाला आवडलेला नसावा. तो कितीही सुंदर ठिकाणी सुचलेला असो.

मंडळाच्या दप्तरी सदर नाटक आजही कालगामिनी या नावाने नोंदलेले आहे. दुरुस्तीचा अर्ज मी तयार केला आहे. त्यात नाटकाचे नाव 'आलोच' असे टाइप केले असून चूक सर्वस्वी माझी असल्याचे पहिल्याच परिच्छेदात नमूद आहे. परंतु नियमाप्रमाणे दुरुस्तीवर मूळ अर्जदाराचीच सही लागते. माझी चालत नाही.

सबब, शेवंताबाईंना विनंती की हे वाचनात आल्यास त्यांनी कराडला यावे, अगर येणे नको असल्यास तसे एका ओळीने कळवावे, म्हणजे मी कागद घेऊन तिकडे येईन. अर्ज मी वाचून दाखवणार नाही. तो त्यांनी स्वतः वाचावा आणि पटल्यासच सही करावी. उत्तराची वाट बघत आहे.

कळावे,
जाबदेणार